लिटरवर कर घेता, तर किलोचा हिशेबही द्या

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. परिवहन मंत्री आणि मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : राज्यातल्या वाहतुकीतून दरवर्षी किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, याचा हिशेब जाहीर करण्याबाबत.

महोदय,

मी एसटीतून निवृत्त झालेला लिपिक. एकतीस वर्षांच्या नोकरीतली एकोणीस वर्षं माझ्या टेबलावर आगाराचं डिझेलचं रजिस्टर होतं. पहाटे साडेपाचला जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडायचं, डिपच्या काठीला पाणी ओळखायची पेस्ट लावायची, काठी तळाला टेकवून वर काढायची आणि ओल कुठवर चढली ते बॅटरीच्या उजेडात वाचायचं. सेंटिमीटरचे लिटर तक्त्यावरून काढायचे. कालची शिल्लक, आलेला टँकर, गाड्यांना दिलेलं डिझेल आणि आजची डिप हे चारही आकडे एकमेकांना जुळले पाहिजेत. एकदा ऐन मे महिन्यात चाळीस लिटरची तफावत आली. मला मेमो मिळाला, खुलासा लिहावा लागला. त्याचा राग नाही. सरकारी डिझेल होतं, विचारणारच.

ड्रायव्हरचीही सुटका नव्हती. दहा लिटरमागे गाडी किती किलोमीटर धावली, त्याला आमच्याकडे केपीटीएल म्हणतात. ती घसरली की नाव फळ्यावर. 'घाटाचा रूट आहे साहेब' म्हणून वाद घालणारे, क्लच दाबून उतार उतरणारे, दुसऱ्याची चांगली गाडी मागून घेणारे, सगळे पाहिले. सांगायचं एवढंच, की या राज्यात एका आगारातल्या एका ड्रायव्हरने एका महिन्यात किती डिझेल जाळलं याचा कागद निघतो. पण सगळ्या राज्याने मिळून वर्षभरात जे जाळलं, त्यातून किती कार्बन डायऑक्साइड वर गेला, याचा वर्षावर्षाचा सरकारी कागद मला कुठेही सापडलेला नाही.

हे खटकायला कारण घडलं आपलं इलेक्ट्रिक वाहन धोरण, २०२५ सालचं. त्यात लिहिलंय की २०३० पर्यंत वाहतूक क्षेत्रातलं दहा लाख टन हरितगृह वायूंचं उत्सर्जन टाळायचं. वाचून बरं वाटलं. मग जन्माची खोड जागी झाली. आरंभीची शिल्लक कुठे आहे? दहा लाख टन कशातून वजा करायचे? कोणतं वर्ष धरून? २०३० साली कोणीतरी उठून 'झाले दहा लाख' म्हणालं, तर ते तपासायचं कोणत्या वहीवरून?

म्हणून दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. प्रश्न एकच होता : मागच्या पाच वर्षांत राज्याच्या रस्ते वाहतुकीतून दरसाल किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला? पहिल्या कार्यालयाने कलम ६(३) दाखवून अर्ज दुसरीकडे पाठवला. दुसऱ्याने कळवलं, 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.' तिसऱ्याकडे मी स्वतःच नव्याने अर्ज केला. त्याने सल्ला दिला की पहिल्याकडे विचारा. कार्यालयांची नावं इथे लिहीत नाही. तिथल्या लिपिकांचा दोष नाही, ज्या रकान्याचं रजिस्टरच वरून आलं नाही तो ते भरणार कुठून?

आता म्हणाल, हा हिशेब अवघड असतो, तज्ज्ञ लागतात. पाया तर आठवीच्या मुलाला येईल असा आहे. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एक लिटर पेट्रोलमधून सुमारे २.३ किलो. आमच्या कॅन्टीनमध्ये हे कोणालाच पटायचं नाही. एका लिटर डिझेलचं वजनच जेमतेम ८३० ग्रॅम, त्यातून पावणेतीन किलो निघेल कसं? उत्तर असं की डिझेलमधल्या कार्बनला जळताना हवेतला ऑक्सिजन चिकटतो. कार्बन बारा भार असेल, तर झालेला वायू चव्वेचाळीस भार भरतो. जास्तीचं वजन हवेतूनच आलेलं असतं. आमच्या आगारात बारा हजार लिटरचा टँकर रिकामा व्हायचा, म्हणजे दहा टन डिझेल टाकीत उतरायचं. ते सगळं जळून झालं की बत्तीस टन वायू वर गेलेला असायचा. अशा किती टँकरच्या पावत्यांवर मी सही केली, ते आता मोजत बसत नाही.

आणि लिटर किती विकले गेले, ते सरकारला माहीत आहे. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावरचा मूल्यवर्धित कर राज्य स्वतः घेतं. जुलै २०२४ पासून मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलवरचा कर २४ वरून २१ टक्क्यांवर आणला, तेव्हा तिजोरीला त्याचा किती फटका बसेल याचा अंदाज आपल्याकडे तयार होता. तो लिटर माहीत असल्याशिवाय काढता येत नाही. केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्षही राज्यवार विक्री प्रसिद्ध करतो. एका बाजूला लिटर पडलेत, दुसऱ्या बाजूला २.७ आणि २.३. राहिला तो गुणाकार.

तो मी घरी केला. पण त्याचा आकडा इथे छापत नाही. निवृत्त लिपिकाचा आकडा व्हॉट्सॲपवर फिरेल आणि आठवडाभरात त्याला दोन शून्यं जास्त लागतील. शिवाय त्या गुणाकारात खाचखळगे आहेत आणि ते बुजवायचं काम सरकारचंच आहे. सगळं डिझेल रस्त्यावर जळत नाही. ट्रॅक्टर आहे, जनरेटर आहे, मच्छीमारांच्या बोटी आहेत, खाणीतली यंत्रं आहेत. २०१४ साली केंद्राने प्रसिद्ध केलेल्या देशभरातल्या पाहणीत सुमारे ७० टक्के डिझेल वाहतुकीत जातं असं निघालं होतं. पेट्रोल जवळजवळ सगळंच. पण देशाची ती टक्केवारी यवतमाळला लागू पडेल का? भिवंडीला पडेल का? मग सीमेवरचं इंधन. बांद्याची माणसं पलीकडे पत्रादेवीला जाऊन गोव्याचं स्वस्त पेट्रोल टाकीभर घेऊन येतात. विक्री गोव्याच्या खात्यात, धूर सावंतवाडीत. नवापूरकडे गुजरातच्या बाबतीत तीच कथा.

नोंदीची जागा बदलली की आकडा कसा फसवतो, हे निवृत्तीआधीच्या शेवटच्या महिन्यांत डोळ्यांनी पाहिलं. मार्च २०२२ मध्ये घाऊक डिझेल किरकोळपेक्षा लिटरमागे पंचवीस-एक रुपयांनी महाग झालं, तेव्हा एसटीच्या गाड्या बाहेरच्या साध्या पंपावर ट्रक-टेम्पोंच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. माझ्या रजिस्टरमधली घाऊक खरेदी आटली. नुसता तोच कागद पाहणाऱ्याला वाटलं असतं, एसटीने डिझेल वाचवलं!

म्हणून म्हणतो, हे काम एका हाताने होणारं नाही. पंपावर विकलेलं इंधन एका बाजूने आणि रस्त्यावर धावलेले किलोमीटर दुसऱ्या बाजूने, दोन्हीकडून हिशेब यावा आणि मध्ये जुळावा. आमची डिप आणि लॉगशीट जुळायची तसाच. पण दुसऱ्या बाजूची अवस्था काय आहे? 'वाहन' पोर्टलवर राज्यात नोंदलेल्या गाड्या चार कोटींच्या वर दिसतात. त्यांतल्या धावतात किती? माझ्या वाड्याच्या बोळात एक स्कूटर गेली बारा वर्षं उभी आहे, तिच्या हँडलवर जास्वंद चढली आहे. आमच्या गल्लीत तिला अजून गाडीच म्हणतात.

इथे पीयूसीचं बोललं पाहिजे, कारण पुष्कळांचा समज आहे की हा हिशेब तिथे होतोच. होत नाही. पेट्रोल गाडीच्या नळकांड्यात नळी घालतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन पाहतात. डिझेल गाडीच्या धुराची घनता पाहतात. गाडी किती कार्बन डायऑक्साइड सोडते, या प्रश्नाचं पीयूसीच्या पास-नापासशी नातं नाही. मोनॉक्साइड माणसाला आज मारतो, म्हणून ती तपासणी हवीच, मी तिच्या विरोधात नाही. पण गाडी समोर उभी आहे, माणूस शंभर-दीडशे रुपये देतोय, कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो घेतोय, आणि डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा कोणी बघतही नाही. माझ्या स्वतःच्या दुचाकीच्या पीयूसीवर तो रकाना नाही. तो आकडा दर वेळी टिपला असता, तर राज्यातल्या गाड्या खरोखर किती धावतात हे एव्हाना आपल्याला ठाऊक असतं.

माझं मन मात्र सगळ्यात जास्त दुखतं ते एसटीवरून.

साधी लालपरी दहा लिटरला अठ्ठेचाळीसच्या आसपास धावली, तर किलोमीटरला साडेपाचशे-पावणेसहाशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. आत चाळीस माणसं असतील तर माणशी चौदा ग्रॅम. तेच अंतर एकटा माणूस पन्नासचं ॲव्हरेज देणाऱ्या मोटरसायकलवर गेला तर सेहेचाळीस ग्रॅम, आणि पंधराचं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल कारने एकटा गेला तर दीडशेच्या वर. म्हणजे कारवाल्याच्या एका माणसात आमची अकरा माणसं जातात, तीही आठवडी बाजारच्या कोंबड्या-पोत्यांसकट.

ही एसटी तोट्यात आहे, हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकतो आहे. तोटा रुपयांत मोजतात, आणि मोजावाच. पण तिने जी मोटरसायकल घरीच राहू दिली, जी जीप भरू दिली नाही, त्याची नोंद कुठल्या वहीत आहे? करोनाच्या आधी एसटीकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, त्या पंधरा हजारांच्या घरात आल्या. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ हे महिने आठवा. संप चालला होता. कोण बरोबर कोण चूक, तो वाद इथे नको. पण त्या महिन्यांत खेड्यापाड्यातली माणसं घरी बसली नव्हती. कॉलेजला जाणाऱ्या पोराने हप्त्यावर दुचाकी घेतली, दवाखान्याला जाणारी म्हातारी वडापमध्ये मांडीला मांडी लावून बसली. संप मिटला, एसटी सुरू झाली. ती दुचाकी काही शोरूमला परत गेली नाही. या बदलाने राज्याचं उत्सर्जन किती वाढलं, हे जर दरसाल जाहीर होत असतं, तर जुन्या गाड्या भंगारात काढून नव्या न घेण्याचा निर्णय करताना फायलीवर आणखी एक आकडा आला असता. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट केलं, गाड्या भरून वाहू लागल्या. तो निर्णय सवलतीच्या खर्चाच्या रकान्यात गेला. दुसऱ्या रकान्यात काय जमा झालं असेल, ते कोणी लिहिलंच नाही.

हाच हिशेब ई-बसलाही लागू आहे, आणि तो थोडा अडचणीचा आहे. १ जून २०२२ ला पुणे–अहमदनगर मार्गावर शिवाई ही एसटीची ई-बस धावली. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी याच मार्गावर धावली होती, म्हणून तो दिवस आम्हा कर्मचाऱ्यांना विसरता येत नाही. शिवाई मला आवडते. आगारात पहाटे वीस इंजिनं एकदम सुरू झाली की छातीत काय होतं, ते मला माहीत आहे. आता पाच हजार दीडशे ई-बसची घोषणा झाली. पण बसच्या मागे धूर नाही म्हणजे कार्बन नाही, असं होत नाही. मोठी वातानुकूलित ई-बस किलोमीटरला एक-सव्वा युनिट खाते. देशाच्या ग्रिडमधलं एक युनिट, केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या दरसालच्या आकड्यांप्रमाणे, सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पाठीवर घेऊन येतं. गुणाकार करून पाहा : सातशे ते नऊशे ग्रॅम. साध्या लालपरीपेक्षा जास्तच! तुलना पुरती रास्त नाही, हे मान्य. एक गाडी थंडगार, दुसरी खिडक्या उघड्या ठेवून धावणारी. वातानुकूलित डिझेल गाडीशी तोलली तर दोघी जवळपास येतात. शिवाय तेल उपसून, शुद्ध करून आगारापर्यंत आणण्यातला कार्बन मी डिझेलच्या बाजूला धरलेला नाही. आणि ग्रिड स्वच्छ होत गेलं की ई-बस आपोआप सुधारते, डिझेल गाडी सुधारत नाही. म्हणूनच आगाराच्या छतावर सौर पॅनेल बसवून दुपारी चार्जिंग केलं तर किती फरक पडतो, आणि रात्री चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावर केलं तर किती, हे लिहून ठेवलं पाहिजे. धोरणातल्या दहा लाख टनांत ही वीज वजा केली आहे की ई-गाडी म्हणजे शून्य धरलं आहे? या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं, तरी हे पत्र वाया गेलं नाही म्हणेन.

रस्त्यांबद्दल थोडंच लिहितो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते अमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. जागतिक पर्यावरण दिन होता तो. ७०१ किलोमीटर, सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर. कौतुक आहे. पण वेळ वाचला की इंधन वाचतं हे दर वेळी खरं नसतं. ताशी ऐंशीने जाणारी कार एकशेवीसने जायला लागली की जास्तच पिते, आणि जो नागपूरकर रेल्वेच्या रात्रीच्या गाडीने यायचा तो आता चारचाकी काढतो. किती जणांनी काढली? टोलनाक्यावर प्रत्येक गाडी मोजली जाते, त्यामुळे माहिती आहे. आता शक्तिपीठ महामार्ग समोर आहे. जमिनीवरून शेतकरी भांडतायत, ते त्यांचं जगणं आहे, त्यांच्या मुद्द्यात माझा मुद्दा मिसळत नाही. मला इतकंच विचारायचंय की या रस्त्याने राज्याच्या वाहतुकीचा कार्बन वाढेल की घटेल, याचा अंदाज कोणी केला असेल तर तो लोकांसमोर का नाही? कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक वाघिणीवर चढवून कोलाडहून गोव्याकडे नेते, २०२२ पासून तो मार्ग पूर्ण विजेवर आहे. एका ट्रकमागे किती डिझेल वाचतं, हे तिथल्या ट्रकवाल्याला विचारलं तरी तो बोटावर सांगेल.

हे जगात कुठेच होत नाही असंही नाही. अमेरिकेत तिथलं ऊर्जा माहिती प्रशासन पन्नासही राज्यांचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन क्षेत्रवार छापतं, वाहतूक वेगळी काढून. कॅलिफोर्निया स्वतःची वेगळी वही ठेवतं. इतकं लांब कशाला? आपल्या मुंबईने २०२२ च्या वातावरण कृती आराखड्यात २०१९ सालचा हिशेब मांडला : शहराचं एकूण उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन, त्यात वाहतुकीचा वाटा २० टक्के. महापालिकेला जे जमलं, ते मंत्रालयाला जमू नये?

आता मागण्या. जास्त नाहीत.

एक. दरवर्षी अर्थसंकल्पाआधी आर्थिक पाहणी अहवाल येतो. त्यातल्या वाहतुकीच्या प्रकरणात गाड्यांची संख्या आणि रस्त्यांची लांबी असते. त्याच प्रकरणात मागच्या आर्थिक वर्षाचं वाहतुकीतलं उत्सर्जन द्या : पेट्रोल, डिझेल, सीएनजी, ऑटो एलपीजी, विमानाचं इंधन, आणि ई-वाहनं, मेट्रो व रेल्वेची वीज वेगवेगळी दाखवून. सुरुवातीला आकडा कच्चा असेल. कच्चा म्हणून द्या, पुढच्या वर्षी दुरुस्त करा, पण दुरुस्ती केली हे लिहा. रजिस्टरमध्ये आम्ही व्हाइटनर लावत नव्हतो. चुकीच्या आकड्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही.

दोन. या कामाला एक कार्यालय आणि एक अधिकारी नेमा. नाव दारावर लावा. म्हणजे पुढच्या अर्जदाराला कलम ६(३) नको.

तीन. पीयूसी आणि योग्यता तपासणीच्या वेळी किलोमीटरचा आकडा टिपून तो गाडीच्या नोंदीत घाला. मालकाचं नाव-नंबर झाकून जिल्हावार, वाहनप्रकारवार बेरजा खुल्या करा. ट्रक, टेम्पो, रिक्षा, खासगी कार, दुचाकी, एसटी, शहर बस. कोणाचा वाटा किती हे कळल्याशिवाय कोणाला आवळायचं ते कसं ठरवणार? नाहीतर दर वेळी रिक्षावालाच सापडतो.

चार. ई-वाहन धोरणातल्या दहा लाख टनांचं मूळ वर्ष, पद्धत आणि आजवरची प्रगती जाहीर करा.

पाच. पाचशे कोटींच्या वरच्या प्रत्येक रस्त्याच्या आणि पुलाच्या प्रस्तावाला वाहतुकीतल्या कार्बनचं एक पान जोडा. रस्ता सुरू झाल्यावर पाच वर्षांनी तेच पान खऱ्या आकड्यांनी पुन्हा भरा. एसटी, शहर बस आणि लोकलच्या प्रस्तावालाही तेच पान जोडा.

हे सगळं मराठीत आणि कोणालाही उतरवून घेता येईल अशा तक्त्यात असावं. स्कॅन केलेली वाकडी पीडीएफ नको.

माहिती अधिकाराच्या अर्जाच्या पोचपावत्या आणि मिळालेल्या उत्तरांच्या प्रती टपालाने पाठवलेल्या पत्रासोबत जोडल्या आहेत. पहिलं अपील दाखल केलं आहे, सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. आली तर मी एसटीनेच येईन.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी